चढता येतं, उतरता येतं का? रोजच्या प्रवासासाठी ऑल-व्हील ड्राइव्ह निवडण्याचं एक प्रकरण

रोजचा प्रवास जाऊन-येऊन ७६ किलोमीटरचा. त्यातले ४८ किलोमीटर सरळ महामार्गाचे, २२ किलोमीटर शहरातल्या थांबत-थांबत सरकणाऱ्या गर्दीचे आणि उरलेले ६, म्हणजे एका वेळचे ३, डोंगरावरच्या घरापर्यंतचे. या तीन किलोमीटरमध्ये शेवटचे ६०० मीटर १४ टक्के चढाचे आहेत. म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की रस्ता १४ मीटर वर जातो. मध्ये एक हेअरपिन, म्हणजे जवळपास उलट दिशेला फिरवणारं, वळण आहे आणि त्याच्या आतल्या कडेला चढ १८ टक्क्यांपर्यंत जातो. वर्षातले काही आठवडे तिथे दाबून कडक झालेला बर्फ असतो आणि पावसाळ्यात डोंगरावरून वाहून आलेला चिखल. गाडी चालवणाऱ्या बाई रुग्णालयात पाळीने काम करतात. सकाळी सातच्या पाळीसाठी निघतात तेव्हा रस्ता साफ करणारं यंत्र आलेलं नसतं.

सध्याची गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना देणारी, कॉम्पॅक्ट एसयूव्ही, टायर बारमाही. महामार्गावर आणि शहरात तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. बर्फात हेअरपिनवर समोरून कुणी आलं आणि थांबावं लागलं, की पुढची चाकं नुसती फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून नवी गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, घ्यायची हे ठरलं होतं. प्रश्न एवढाच होता की कुठली.

सल्ला देताना आम्ही या प्रकरणात आधी एक पायरी मागे गेलो. ऑल-व्हील ड्राइव्ह नेमकं किती देते आणि कुठे काहीच देत नाही, हे आकड्यांत मांडलं. ती मांडणी इथे पूर्ण देतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत.

गाडीचं वजन माणसांसकट १,७०० किलो धरलं. सपाटीवर ५८ टक्के भार पुढच्या चाकांवर आणि ४२ टक्के मागच्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.६५ मीटर. बारमाही टायरचा दाबलेल्या बर्फावरचा घर्षणांक (पकडीचं माप) ०.२५ आणि चांगल्या हिवाळी टायरचा ०.३५ घेतला. बर्फ, तापमान आणि टायरची स्थिती यांनुसार हे आकडे वर-खाली होतात, पण तुलनेला पुरेसे आहेत.

१४ टक्के चढावर गाडीला मागे खेचणारं बल सुमारे २,३१० न्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक). बर्फातला फिरण्याचा विरोध आणखी ३३० न्यूटन. म्हणजे एकाच वेगाने वर जात राहायला २,६४० न्यूटन हवेत. चढावर भार मागे सरकतो, त्यामुळे पुढच्या चाकांवर ५८ ऐवजी साधारण ५४ टक्केच उरतो. बारमाही टायरवर पुढची चाकं जास्तीत जास्त २,२६० न्यूटन ढकलू शकतात. ३८० कमी पडतात आणि गाडी अडते. हेच टायर ठेवून चारही चाकांना ताकद मिळाली तर ४,१३० न्यूटन मिळतात आणि गाडी आरामात चढते. ऑल-व्हील ड्राइव्हची जाहिरात इथेच संपते, आणि इथपर्यंत ती खरी आहे.

आता फ्रंट-व्हील ड्राइव्ह तशीच ठेवून फक्त हिवाळी टायर लावून पाहा. पुढच्या चाकांची क्षमता ३,१७० न्यूटन होते. ५३० शिल्लक राहतात, म्हणजे गाडी चढतेच, शिवाय थांबून पुन्हा हळूहळू सुटतेही. हा निकाल आला तेव्हा नवी गाडी घेण्याचं कारणच डळमळलं. निव्वळ सरळ चढाचा प्रश्न असता तर आम्ही टायरचा एक संच सुचवून प्रकरण मिटवलं असतं.

पण हेअरपिन आहे. १८ टक्क्यांवर, हिवाळी टायर असूनही, पुढची चाकं ३,१०० न्यूटन देतात आणि गरज आहे ३,२८५ ची. वेगात असलेली गाडी तो तुकडा ओलांडेल, पण थांबलेली सुटणार नाही. चारही चाकं चालली तर ५,७४५ न्यूटन मिळतात आणि थांबलेल्या जागेवरून गाडी व्यवस्थित निघते. म्हणून या रस्त्यावर ऑल-व्हील ड्राइव्हची गरज खरी आहे, पण फक्त त्या वळणापुरती.

मग उतार. संध्याकाळी जो चढ चढायचा, तोच सकाळी अंधारात उतरायचा आहे. हेअरपिनच्या आतल्या १८ टक्क्यांवर, ताशी ३० किलोमीटर वेगावरून ब्रेक मारला तर बारमाही टायरवर गाडी सुमारे ५१ मीटरनंतर थांबते आणि हिवाळी टायरवर सुमारे २१ मीटरनंतर. ऑल-व्हील ड्राइव्ह असो वा नसो, हे अंतर बदलत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात आणि थांबवण्याची मर्यादा टायर व रस्ता यांच्यातली पकड ठरवते. उतारावरचं वेगनियंत्रण, म्हणजे हिल डिसेंट कंट्रोल, हेही ब्रेकच वापरतं आणि तेही पकडीच्या पलीकडे काही करू शकत नाही.

म्हणजे बारमाही टायर लावलेली ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी ज्या जागी सहज चढून जाते, तिथून तिला सुरक्षित उतरता येत नाही. चढताना गाडी घसरत नाही म्हणून चालकाला रस्ता बरा आहे असं वाटतं, आणि खरी स्थिती पहिल्या ब्रेकला कळते. आमच्या मते या विषयातली सर्वांत धोकादायक गैरसमजूत हीच आहे, आणि गाड्यांच्या तुलनेत तिचा उल्लेख क्वचितच असतो. म्हणून या प्रकरणातली पहिली अट अशी ठरली: हिवाळी टायर चारही चाकांना, आणि बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण हे चिन्ह असलेलेच. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेल्या टायरला बर्फातली चाचणी उत्तीर्ण व्हावी लागत नाही. खाचांची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की हिवाळी टायर बर्फासाठी संपला असं समजायचं, कायदेशीर किमान खोली काहीही असो.

पर्याय आणि त्यांची आतली रचना

बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्ही मुळात फ्रंट-व्हील ड्राइव्ह असतात. गिअरबॉक्सला जोडलेल्या लहान कोनी गिअरपेटीतून एक शाफ्ट (फिरणारा दांडा) मागे जातो आणि मागच्या डिफरेन्शियलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, तोंडाशी तेलात बुडालेला अनेक चकत्यांचा क्लच असतो. चकत्या दाबल्या की मागच्या चाकांना ताकद मिळते, सोडल्या की बंद. फोक्सवॅगन टिग्वानमधली फोरमोशन, ह्युंदाईची एचट्रॅक आणि होंडा सीआर-व्हीची रिअल टाइम या सगळ्या याच जातीच्या. फरक आहे तो चकत्या कोण दाबतं आणि केव्हा दाबतं, यात. फोक्सवॅगनच्या हॅल्डेक्स कपलिंगमध्ये (या क्लचच्या जोडाचं नाव) आणि २०१२ पासूनच्या सीआर-व्हीत इलेक्ट्रिक मोटरवर चालणारा पंप तेलाचा दाब तयार करतो. काही गाड्यांत विद्युतचुंबक आधी एक छोटा क्लच ओढतो आणि गोळ्यांच्या कॅममधून मुख्य क्लच दाबला जातो. २०१२ पूर्वीच्या सीआर-व्हीत दोन पंप होते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगात फरक पडला तरच दाब तयार व्हायचा. म्हणजे आधी पुढची चाकं घसरायची आणि मग मागची जागी व्हायची.

ही ‘आधी की नंतर’ची गोष्ट हेअरपिनवर निर्णायक ठरते. कडक बर्फावर चाक एकदा फिरलं की खालचा थर गुळगुळीत होतो आणि तिथली पकड आणखी कमी होते. त्यामुळे घसरण्याची वाट पाहणारी यंत्रणा स्वतःच आपलं काम अवघड करून ठेवते. सध्याच्या बहुतेक यंत्रणा स्थिर गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की चकत्या आधीच दाबून ठेवतात. माझ्दाची आय-ॲक्टिव्ह यात आणखी पुढे जाते. बाहेरचं तापमान, वायपर चालू आहेत का, स्टिअरिंगला किती जोर लागतोय, असे संकेत वाचून ती आधीच अंदाज बांधते आणि मागच्या चाकांना थोडी ताकद सतत देत राहते.

सुबारू फॉरेस्टरची गोष्ट वेगळी. तिथे इंजिन लांबीत बसवलेलं असतं आणि मागे जाणारा शाफ्ट गिअरबॉक्समधूनच सरळ निघतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक पायऱ्या नसलेला स्वयंचलित गिअरबॉक्स, असलेल्या गाडीत ताकद मुळातच साधारण ६०:४० अशी वाटलेली असते आणि गरजेनुसार बदलते. मागची चाकं झोपलेली कधी नसतातच. पावसात, चिखलात, बर्फात कुठेही ‘आता लागली’ असा क्षण येत नाही. याची किंमत महामार्गावरच्या ४८ किलोमीटरमध्ये इंधनाच्या रूपात मोजावी लागते.

टोयोटा आरएव्ही४ हायब्रिडमध्ये (हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर दोन्ही असलेली) मागे जाणारा शाफ्टच नाही. मागच्या ॲक्सलवर स्वतंत्र विद्युत मोटर आहे. २०१९ पासूनच्या पिढीत ती ४० किलोवॅट आणि १२१ न्यूटन-मीटरची (न्यूटन-मीटर हे फिरवणाऱ्या जोराचं एकक). एवढीशी मोटर हेअरपिनला पुरेल का, ही शंका रास्त आहे. घट गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे मोटरच्या फेऱ्या, दहाच्या आसपास धरलं तर चाकांवर साधारण १,२०० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे ३,५०० न्यूटन ढकल मिळते. १८ टक्क्यांवर हिवाळी टायर असतानाही मागची चाकं बर्फावर २,६५० न्यूटनच्या वर टिकवू शकत नाहीत. म्हणजे आधी टायर घसरेल, मोटर कमी पडणार नाही. या यंत्रणेचा खरा कमकुवतपणा वेगळ्या जागी आहे. खोल चिखलात दहा-पंधरा मिनिटं सतत झुंजायचं असेल तर मोटर तापते आणि यंत्रणा ताकद कमी करते. या प्रवासात तसा प्रसंग नाही.

आरएव्ही४च्या त्याच पिढीतल्या पेट्रोल आवृत्तीच्या काही प्रकारांत आणि जीप कंपासमध्ये गरज नसताना मागचा भाग यांत्रिकरीत्या सोडवून ठेवण्याची सोय आहे, म्हणजे महामार्गावर शाफ्ट फुकट फिरत नाही. कल्पना चांगली आहे. मात्र पुन्हा जोडायला जो अल्प वेळ लागतो तो जाणवतो का, हे त्या-त्या गाडीत चालवूनच पाहावं लागतं.

शेवटचा पर्याय जुन्या वापरलेल्या गाडीचा होता, व्हिस्कस कपलिंगवाल्या. सिलिकॉनचं घट्ट द्रव तापलं की चकत्या एकमेकींना ओढतात. तापायला घसरण हवी, आणि घसरण झाल्याशिवाय मदत नाही. हा पर्याय तिथेच बाद झाला.

‘५०:५०’ या आकड्याबद्दल

माहितीपत्रकात मागे किती टक्के जातात याचा मोठा गवगवा असतो. क्लच पूर्ण दाबला गेला की पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाने बांधली जातात आणि ताकदीची वाटणी मग पकड ठरवते. पुढची दोन्ही चाकं काचेसारख्या बर्फावर असतील तर जवळपास सगळी ताकद मागे जाते, कपलिंग जेवढी पेलू शकेल तेवढी. म्हणून टक्क्यांऐवजी दोन गोष्टी विचारायच्या: स्थिर गाडीत क्लच आधीच दाबलेला असतो का, आणि एका बाजूचं चाक हवेत असेल तर दुसऱ्या बाजूला ताकद कशी जाते. दुसऱ्याचं उत्तर जवळजवळ सगळ्या कॉम्पॅक्ट गाड्यांत एकच असतं, ब्रेकने. डावं-उजवं वाटणारं डिफरेन्शियल उघडं असतं आणि फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्याकडे ढकलली जाते. हेअरपिनच्या आतल्या कडेला आतलं पुढचं चाक हलकं होतं, तेव्हा हेच काम सर्वांत महत्त्वाचं असतं.

उष्णता

वळणावर थांबून निघताना मागच्या चाकांनी १,२३० न्यूटनची मदत द्यायची असं धरू. मागचं गिअर गुणोत्तर २.५ असेल तर कपलिंगवर सुमारे १६७ न्यूटन-मीटर येतात. पुढची चाकं मागच्यांपेक्षा मिनिटाला ६० फेऱ्या जास्त घसरत असतील, तर चकत्यांमध्ये मिनिटाला १५० फेऱ्यांचा फरक पडतो आणि तिथे सुमारे २.६ किलोवॅट उष्णता तयार होते, तीही एका लहान पेटीत, लिटरभर तेलाच्या आसपास. चालकाने पाय खाली दाबून ठेवला तर यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी क्लच सोडते आणि ‘ऑल-व्हील ड्राइव्ह तापली’ असा संदेश येतो. तेव्हा इंजिन चालू ठेवून काही मिनिटं थांबणं हाच उपाय. चकत्या पूर्ण दाबलेल्या असताना घसरण नसते, म्हणून उष्णताही नसते. लॉक बटण असलेल्या गाडीत वळणाच्या आधीच ते दाबून ठेवणं यासाठीच बरं. बऱ्याच गाड्यांत ते ताशी ४० किलोमीटरच्या आसपास आपोआप सुटतं. कोरड्या डांबरावर, पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगने, लॉक चालू ठेवून गाडी फिरवायची नाही. चारही चाकं वेगवेगळी वर्तुळं काटतात आणि तो फरक कुठेच न सुटल्यामुळे टायर घासतात, शाफ्टवर ताण येतो.

उरलेल्या सत्तर किलोमीटरचा हिशेब

ऑल-व्हील ड्राइव्हचं वजन साधारण ५० ते ८० किलो जास्त आणि इंधन ३ ते ७ टक्के जास्त. वर्षाला २४० दिवस प्रवास धरला तर १८,२४० किलोमीटर. १०० किलोमीटरला ७.५ लिटर लागत असतील तर वर्षाला १,३६८ लिटर, आणि ५ टक्क्यांनी ६८ लिटर वाढतात. शहरातल्या २२ किलोमीटरमध्ये हायब्रिड याहून बरंच जास्त परत देते. काही गाड्यांत ऑल-व्हील ड्राइव्ह घेतली की मागचं सस्पेन्शनही बदलतं. फोक्सवॅगन टी-रॉकच्या पहिल्या पिढीत फ्रंट-व्हील ड्राइव्हला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी पिळली जाणारी तुळई) असतो आणि फोरमोशनला मल्टिलिंक (प्रत्येक चाक स्वतंत्र धरणारे अनेक दांडे). खड्ड्यांच्या रस्त्यावर हा फरक रोज जाणवतो, बर्फ वर्षातून काही आठवडेच.

टायर हा इथेही कळीचा मुद्दा आहे. सुबारू चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको म्हणते. त्रिज्येत मोजलं तर हा फरक फक्त १ मिलिमीटर. पुढे ५ मिलिमीटर खोलीचे जुने आणि मागे ८ मिलिमीटरचे नवे टायर लावले, तर परिघात १९ मिलिमीटर फरक पडतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला कपलिंगमध्ये मिनिटाला सुमारे १७ फेऱ्यांची घसरण सतत, संपूर्ण महामार्गभर. क्लच दाबून ठेवणाऱ्या यंत्रणेत हीच घसरण चकत्या आणि तेल खाते. म्हणून दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला पुढचे टायर मागे घ्यायचे, आणि एक टायर फाटला तर त्याच मॉडेलचा, उरलेल्यांइतका झिजलेला शोधायचा, नाहीतर चारही बदलायचे. स्वतंत्र मागची मोटर असलेल्या गाडीत पुढचा-मागचा यांत्रिक सांधाच नसल्याने हा त्रास खूप कमी.

वापरलेली गाडी घ्यायची तर

नव्या हायब्रिडशिवाय यादीत पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्सवाली एक वापरलेली गाडीही होती. त्या पिढीत बदलता येणारा तेलाचा फिल्टर काढून टाकला गेला आणि पंपाच्या तोंडाशी फक्त एक बारीक जाळी राहिली. चकत्यांची झीज तेलात मिसळते, जाळी भरते, पंप जोर लावत राहतो आणि शेवटी जळतो. बऱ्याचदा डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्हसारखी चालत राहते आणि हे समजतं ते बर्फात. नुसतं तेल बदलून भागत नाही. तेल काढल्यावर पंपाचा कनेक्टर सोडायचा, पंप बाहेर काढायचा, जाळी ब्रेक क्लीनरने धुवायची, ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) नव्या घालायच्या, नेमून दिलेलंच तेल भरण्याच्या भोकाच्या पातळीपर्यंत भरायचं, दोष शोधणाऱ्या यंत्राने पंप चालवायचा आणि पातळी पुन्हा भरायची. तीन वर्षांनी हे एकदा झाल्याचा कागद नसेल तर गाडी घेण्याआधी पंपाच्या नोंदी यंत्रावर वाचायच्या. जुन्या सीआर-व्हीत घट्ट वळणावर मागून कण्हल्यासारखा आवाज आला तर बहुधा मागच्या डिफरेन्शियलचं तेल खराब झालेलं असतं. त्यात होंडाचं ठरलेलं तेलच घालायचं, साधं डिफरेन्शियल तेल चालत नाही.

चालवून पाहण्याची पद्धत साधी आहे. ओल्या गवताच्या किंवा सैल खडीच्या चढावर गाडी सरळ उभी करायची, पुढची चाकं सैल भागावर. ॲक्सिलरेटर हळू दाबायचा आणि बाहेर उभ्या माणसाने पुढची चाकं पाहायची. अर्धी फेरी घसरून गाडी निघाली तर ठीक. दोन-तीन फेऱ्या नुसत्या फिरल्या आणि मग मागून धक्का आला, तर यंत्रणा प्रतिक्रियेवर चालणारी आहे किंवा क्लच झिजला आहे. मग कोरड्या जागेवर पूर्ण स्टिअरिंग वळवून सावकाश वर्तुळ काढायचं. अडखळत, टायर घासत फिरली तर कपलिंग सुटत नाही.

निवड

टोयोटा हायब्रिड पुढे राहिली, फॉरेस्टर दुसरी. हेअरपिन दोघी चढतात. फरक शहरातल्या इंधनाचा आणि टायरच्या परिघाबद्दलच्या काळजीचा आहे. मात्र घेण्याआधी घराच्या उतरत्या प्रवेशमार्गावर हायब्रिड उलट्या गिअरमध्ये वर चढवून पाहायला सांगितलं. या रचनेत मागे जाताना फक्त विद्युत मोटर गाडी ढकलते, इंजिन मदत करत नाही. प्रवेशमार्ग उलटा चढायचा असेल आणि त्यावर बर्फ असेल तर ही मर्यादा रोज सकाळी समोर येईल. ती जड गेली तर फॉरेस्टर घ्यायची.

हायब्रिडच्या देखभालीत मागच्या मोटरच्या उच्च विद्युतदाबाच्या नारिंगी केबलचा खालचा कनेक्टर दर हिवाळ्यानंतर तपासायचा, विशेषतः रस्त्यावर मीठ टाकत असतील तर. ते काम प्रशिक्षित माणसानेच करायचं. हिवाळी टायर दिवसाचं तापमान सातत्याने ७ अंशांच्या खाली जाऊ लागलं की लावायचे, पहिला बर्फ पडण्याची वाट पाहायची नाही. उन्हाळ्यात काढून ठेवताना प्रत्येकावर त्याची जागा खडूने लिहायची, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात कोणता पुढे घ्यायचा हे लगेच कळतं. आणि गाडी कधी बंद पडलीच, तर चारही चाकं जमिनीवरून उचलणाऱ्या ट्रकवरच न्यायची.